बसणाऱ्याची ताकद

पडद्याच्या फटीतून डोकावणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

तोंडाला रंग फासून आत ताटकळत उभे राहणाऱ्याला प्रमुख पाहुण्यांचे भाषण केवढे लांबते, ते मला माहीत आहे. मीही कधीतरी त्याच पडद्यामागे होतो. त्यामुळे आवरते घेतो. मुख्याध्यापकांनी मला ‘नियमित ध्यानाचे फायदे’ असा विषय दिला आहे. मी पेशाने डॉक्टर. फायदा सांगताना औषध कुठे चालत नाही तेही सांगायची आम्हाला खोड असते, तेवढी सांभाळून घ्या.

पोटात गोळा आलेल्या कलाकारांसाठी आधी आपल्या बारदेशातलीच एक गोष्ट. इथून जवळच्या कांदोळी गावात १७५६ साली एक मुलगा जन्मला. पुढे वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकला, पाद्री झाला. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली आणि समोरचे सरदार-दरकदार पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा वडील हळूच कोकणीतून पुटपुटले म्हणे, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोरगा धडाधड बोलू लागला. गोव्यात घरोघर सांगितली जाणारी ही आख्यायिका. खरीखोटी कोण जाणे, पण आज रंगमंचावर येताना आठवा. समोर आम्ही सगळी भाजीच आहोत.

हा मुलगा म्हणजे पुढे संमोहनाचे प्रयोग करणारा आबे फारिया. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारचा त्याचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. हात पसरून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यापुढे कोसळत असलेली बाई. पुतळा सुंदर आहे, पण बघणाऱ्याचा गैरसमज करून देतो. त्याच्या बोटांतून काहीतरी शक्ती निघते आहे, असे वाटते. खुद्द फारियाने पॅरिसमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे नेमके याच्या उलट सांगण्यात घालवली. मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या अनुयायांचा दावा असा, की एका माणसाच्या अंगातला चुंबकीय द्रव दुसऱ्यावर परिणाम करतो. फारिया म्हणाला, माझ्यात काही नाही. जे घडते ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या एकाग्रतेमुळे आणि त्याच्या मनात. लोकांनी त्याची टर उडवली, रंगभूमीवर त्याची नक्कल झाली. १८१९ साली तो वारला, आणि पुढच्या काळाने त्याचेच म्हणणे उचलून धरले.

संमोहन आणि ध्यान एकच नव्हे. पण कांदोळीच्या माणसाचे ते एक वाक्य ध्यानाला जसेच्या तसे लागू पडते. ताकद बसणाऱ्याची. गुरूची नाही, मोबाइलमधल्या ॲपची नाही, आणि माफ करा, तास घेणाऱ्या बाईंची किंवा सरांचीही नाही.

मग बसायचे म्हणजे काय करायचे? इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून दहा-दहा दिवसांची शिबिरे चालतात. तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती आनापान. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास नुसता जाणायचा. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून मुले हेच करतात. करून बघा. चौथ्या-पाचव्या श्वासाला मन शुक्रवारच्या बाजारात पोचलेले असेल, नाहीतर बोडगेश्वराच्या जत्रेत. पोचू दे. गेले हे कळले की परत आणायचे. तुमच्यातले कितीतरी जण पेटी-तबला शिकतात, भजनी मेळ्यात बसतात. गाणारा ताना घेत कुठेही गेला तरी समेवर येतो ना, तसे. हे परत येणे हाच सगळा सराव. ‘डॉक्टर, माझे मन लागतच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सांगतो, मन भटकले हे तुम्हाला कळले, म्हणजे तुमचे चांगले चालले आहे.

फायद्यांचे म्हणाल, तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रौढांवरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत साडेतीन हजारांवर माणसे होती. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत बेताचा, पण खरा उतार दिसला. एकाग्रता वाढते, झोप सुधारते, असे म्हणण्याजोगा पुरेसा पुरावा मात्र त्यांना सापडला नाही. व्यायामापेक्षा किंवा औषधापेक्षा ध्यान सरस, असेही दिसले नाही. तेव्हा ध्यानाने दहावीचे टक्के वाढतात अशी जाहिरात कुणी केली, तर पालकांनी पैसे खिशातच ठेवावेत.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर असाच एक मोठा प्रयोग झाला. २०२२ साली निष्कर्ष आले. वर्गात ध्यानाचे धडे घेतलेल्या मुलांना इतरांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वेळापत्रकात तास घातला, हजेरी घेतली, की ध्यान झाले असे होत नाही, हे मला त्यातून दिसते. तास ठेवा जरूर, पण ज्याला नको त्याला शांतपणे खिडकीबाहेर बघू द्या.

फायद्याच्या हव्यासानेही ध्यान साधत नाही. विपश्यना भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका रंगूनचे व्यापारी. भयंकर अर्धशिशीने हैराण होते. ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी आधी परतच पाठवले. डोकेदुखीपुरती ही साधना मागू नका, म्हणाले. हे ऊ बा खिन होते बर्माचे महालेखापाल! हिशेबाच्या माणसाने हिशेब बाजूला ठेवायला सांगितला. आपल्याकडचे संतकवी सोहिरोबानाथ आंबियेही बांद्याचे कुलकर्णी. पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. दप्तर सांभाळणाऱ्यांना या वाटेचे काय आकर्षण असते, हा एकदा शोधण्यासारखा विषय आहे.

तुम्ही मात्र एवढेच करा. दहा मिनिटे, रोज, एकाच वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. कुणाच्या घरी तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लागतो, कुणाच्या घरी तेर्साची प्रार्थना म्हणतात, कुणाकडे नमाज होते. त्याला जोडून घेतले तर वेळ वेगळी शोधावी लागत नाही. महिनाभर ‘काय मिळाले’ हे विचारू नका. बदल झाला तर तो आधी घरच्यांना कळेल. भावाने पेन घेतले आणि तुम्ही लगेच ओरडला नाहीत, असल्या फुटकळ प्रसंगांत.

आणि एक डॉक्टर म्हणून बजावतो. मन दोन-दोन आठवडे खचलेले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डोळे मिटून बसू नका. आईबाबांना सांगा, बाईंना सांगा, शाळेच्या समुपदेशकाकडे जा. कुणालाच सांगता येत नसेल तर ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा आहे. क्रमांक १४४१६. पालकांनो, मोबाइल हातात आहेतच, तर तो आत्ताच साठवून ठेवा.