दार कुणी उघडलं?

आजचा भाग एका कायद्याबद्दल. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मराठी घराशी त्याचा संबंध आहे, पण गणपतीला जमल्यावर त्याचा विषय निघालेला मी तरी फारसा ऐकलेला नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९२४ च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: ज्यांना नागरिक होता येत नाही, त्यांनी स्थायिक व्हायला यायचंच नाही. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, दार किलकिलं झालं. किती? भारताला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा. दोन एसट्या भरतील एवढी माणसं!

मग १९६५ मध्ये काय बदललं? अमेरिकेला अचानक आपली हुशारी दिसली का? तसं नाही. बदल तिथल्या रस्त्यांवर घडत होता. काळ्या नागरिकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले, काहींनी जीव गमावला. त्यातून १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला. देशात वंशावरून भेदभाव करायचा नाही म्हटल्यावर सीमेवर वंश बघून कोटा कसा ठेवणार? ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली.

गंमत बघा. हा काही क्रांतिकारक कायदा नाही, असं ते त्याच भाषणात म्हणाले. संसदेतल्या काही मंडळींनी नातेवाइकांना प्राधान्य द्यायला लावलं. हिशोब असा, की इथे बहुतेक युरोपातलेच लोक आहेत, तर त्यांचेच भाऊबंद येतील. झालं उलटंच. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर आले. मागोमाग बायको, भाऊ, आईवडील.

‘आपण गुणवत्तेवर आलो, आंदोलनं करून नाही,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. गुणवत्ता होतीच हो. पण ती १९५० मध्येही होती, आणि तेव्हा तिचा उपयोग नव्हता. आंदोलन झालं, फक्त ते आपण केलं नाही, दुसऱ्यांनी केलं. काळ्या शेजाऱ्याबद्दल घरात काही बोलताना एवढं लक्षात असू द्यावं.

एक काम करा. तुमच्या घरातलं पहिलं माणूस अमेरिकेत कोणत्या साली स्थायिक झालं, ते विचारा आणि मला कळवा. १९६५ च्या आधीचं साल फार थोड्यांचं निघेल.

भेटू पुढच्या भागात.