मातीचे डोंगर आणि आपली जबाबदारी
(रायपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

खुल्या खाणीत कोळशाआधी वरची माती, मुरूम आणि दगड बाहेर निघतो. त्याचे ढिगारे खाणीशेजारी रचले जातात. खाण संपते; ढिगारे राहतात. कोरबा असो वा चंद्रपूर, कोळसापट्टा दुरून ओळखू येतो तो या डोंगरांवरूनच. ते श्रमिकांनी उपसलेले आहेत. म्हणून त्यांचे पुढे काय व्हावे, हा श्रमिकांचाही प्रश्न आहे.

ढिगारा कायम ओसाड राहत नाही. आधी गवत येते, मग काटेरी झुडपे, मग पाखरे आणि श्वापदे. फ्रान्सच्या उत्तरेकडील खाणपट्टा तर तेथील ढिगाऱ्यांसह २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपल्या छत्तीसगडमध्येही सूरजपूर जिल्ह्यातील केनापारा येथे बंद खाणीच्या जलाशयात नौकाविहार आणि मत्स्यपालन सुरू झाले.

परंतु सारे निसर्गावर सोपवून जबाबदारी संपत नाही. चंद्रपूरलगतच्या दुर्गापूरचे उदाहरण घ्या. तेथील ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली. ताडोबाचे जंगल जवळच असल्याने वाघ-बिबट्यांना आयताच आडोसा मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्रातील कामावरून परतणारा एक मजूर वाघाच्या हल्ल्यात ठार झाला. पाठोपाठ दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाचा बिबट्याने बळी घेतला. दोष वाघाचा नाही. वस्तीला खेटून ढिगारे रचले आणि पुढे त्यांच्याकडे पाहिले नाही, त्या नियोजनाचा तो दोष आहे.

दुसरा धोका खुद्द ढिगाऱ्याचा. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील आबरफान गावावर खाणीचा ढिगारा कोसळला. १४४ जण दगावले, त्यांत ११६ मुले होती. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खाणीत ढिगारा घसरून २३ कामगार गाडले गेले.

कॉम्रेड्स, खाण बंद करण्याची योजना आणि तिच्यासाठी वेगळा निधी राखण्याचे बंधन केंद्राने २००९ साली घातले. त्या निधीचा हिशेब ग्रामसभा आणि कामगार संघटना यांच्यापुढे मांडला गेला पाहिजे. सुपीक माती वेगळी राखावी, उतार पायऱ्यांचे करावेत, स्थानिक झाडे लावावीत, वस्तीलगतची झुडपे हटवावीत. वन्यजीव विरुद्ध कामगार असा वाद उभा करणाऱ्यांच्या मागे आपण जाऊ नये. डोंगर हिरवा व्हावा आणि त्याच्या पायथ्याची कामगार वस्तीही सुरक्षित राहावी, या दोन्ही मागण्या आपण एकत्रच लढवल्या पाहिजेत.