कारखाना हलवितांना

चालता कारखाना एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेणें हें बिऱ्हाड बदलण्याइतकें सोपें नाहीं. यंत्रें गाडींत घालतां येतात. हात बसलेले कारागीर, जुनें गिऱ्हाईक आणि उधारीवर माल देणारा व्यापारी यांना गाडींत घालतां येत नाहीं. म्हणून अशा प्रसंगीं सरकार किती देतें, यापेक्षां केव्हां देतें, याला मी अधिक महत्त्व देतों.

बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करीत असत. तेथील जागा सोडण्याची पाळी आली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना आपल्या संस्थानांत बोलाविलें. 1910 सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन मिळाली, भांडवलासाठीं कर्जही मिळालें. जमीन कसली, निवडुंगाचें रानच तें! परंतु शेजारून आगगाडी जात होती, आणि नव्या जागीं पहिला नांगर तयार होण्यापूर्वींच मदत हातीं पडली होती. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर असलें साहाय्य एका अधिपतीच्या मर्जीवर राहिलें नाहीं. 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. जमीन घेऊन, तेथें रस्ते व पाणी आणून, भूखंड आंखून देण्याचें काम त्याच्याकडे आलें. 1964 सालीं प्रोत्साहन योजना निघाली. मुंबई, ठाणें व पुणें यांकडे लोटणारा कारखान्यांचा ओघ मागासलेल्या भागांकडे वळावा, हा तिचा हेतु. तिचे नियम पुढें अनेकदां बदलले. 2019 सालच्या योजनेंत तालुक्यांचे अ, ब, क, ड आणि ‘ड अधिक’ असे वर्ग होते, आणि वर्ग जितका खालचा तितकी सवलत मोठी. शाळेंत ‘ड’ वर्ग मिळविणाऱ्यास आम्हीं कधीं खाऊ दिला नाहीं. येथें मात्र तो देणेंच न्यायाचें आहे.

सवलतींत मुद्रांक शुल्काची व वीज शुल्काची माफी होती, कर्जाच्या व्याजाचा कांहीं भार होता, आणि राज्याच्या वस्तु व सेवा कराचा परतावा होता. यांपैकीं परताव्याचा गवगवा फार. पण तो मिळणार माल विकल्यावर! लहान कारखानदाराचे खरे हाल पहिल्या वर्षांत होतात. शेड अर्धी झालेली, जुन्या जागेचें भाडें चालूच, विक्री शून्य आणि शनिवारीं मजुरी द्यावयाची. त्या शनिवारीं परताव्याचा कागद कोणी वटवीत नाहीं. मुद्रांक शुल्काची माफी रकमेनें लहान असली तरी ती आरंभींच उपयोगी पडते, म्हणून मला ती मोलाची वाटते. सरकारनें लहानांसाठीं तरी मदतीचा मोठा वांटा अलीकडे ओढावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

तोंवर लहान कारखानदारानें आपल्या जिल्हा उद्योग केंद्रांत जाऊन तालुक्याचा वर्ग, अर्जाची मुदत आणि पात्रतेचा दाखला यांची चौकशी भूखंडाचे पैसे भरण्यापूर्वीं करावी. परतावा हा जमेच्या बाजूस पहिल्या वर्षीं धरूं नये. भूखंड वैशाखांत पाहावा. पाण्याची खरी स्थिति तेव्हांच कळते. आणि बिऱ्हाडें हलवावयाचीं तीं मे महिन्यांत हलवावीं. शाळा जूनमध्यें उघडतात. कामगारांच्या मुलांचीं नांवें वेळेवर दाखल झालीं, तर त्यांचे आईबाप नव्या गांवीं टिकतात.