दुव्याआडची नोंदवही
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



आमचा आजचा विषय तांत्रिक वाटेल. पण तो तुमच्या हातातल्या मोबाईलचाच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, वसतिगृहाचा प्रवेश, घरातल्या कुणाचे दुखणे, काहीही विचारायचे असले की आपण प्रथम गूगल उघडतो. समोर दुव्यांची यादी येते. एकावर बोट टेकवले की आपण थेट त्या संकेतस्थळावर गेलो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मध्ये बहुधा एक नाका असतो.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ग्रंथपाल आपल्याला पुस्तकाचे कपाट दाखवतो. पण तिकडची वाट त्याच्या टेबलावरून जाते. तेथे वहीत नोंद होते : कोणी, केव्हा, काय विचारले आणि यादीतले कितवे पुस्तक निवडले. मग आपल्याला पुढे सोडतात. शोधयंत्राचे काम असेच चालते. गूगलच्या निकालात दुव्यावर माऊस नेला की खरा पत्ता दिसे. पण बटण दाबताक्षणी जावास्क्रिप्ट त्या जागी गूगलचाच लांबलचक पत्ता ठेवी आणि खरा पत्ता त्याच्या पोटात असे. ही रीत अनेक वर्षे चालली. ब्राउझर आधी गूगलच्या सर्व्हरकडे जातो, तेथे नोंद होते, मग 'आता अमुक ठिकाणी जा' असा आदेश मिळतो. याला पुनर्निर्देशन म्हणतात. त्यासाठी वेबवर '३०२'सारखे ठरलेले संकेत आहेत. हे सारे क्षणात उरकते. याहू आणि बिंग यांनीही हा मार्ग वापरला आहे. पुढे 'पिंग' नावाची सोय आली. तिच्यात दुवा सरळ राहतो आणि नोंदीची चिठ्ठी तेवढी बाजूने पाठवली जाते. क्रोममध्ये ती चालते. फायरफॉक्समध्ये ती मुळातच बंद ठेवलेली आहे.

ही नोंद कशासाठी? एक कारण जाहिरातीचे. जाहिरातदार बहुधा क्लिकमागे पैसे मोजतो, म्हणून मोजणी लागते. दुसरे कारण निकालांच्या क्रमाचे. अमेरिकेच्या न्याय विभागाने गूगलविरुद्ध चालवलेल्या खटल्यात २०२३ साली गूगलचे अधिकारी पांडू नायक यांची साक्ष झाली. 'नॅवबूस्ट' ही यंत्रणा १३ महिन्यांच्या क्लिकच्या नोंदी वापरते, हे तेथे उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली, असा निर्णय दिला. तुमचे-आमचे क्लिक हे किती मोठे भांडवल आहे, ते यावरून ध्यानात यावे.

'आमच्यासारख्या सामान्य माणसाच्या नोंदीत काय आहे?' असे कोणी म्हणेल. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावे काढून क्रमांक दिले होते. कोण कोणत्या संकेतस्थळावर गेले, हेही त्यात होते. काही दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी केवळ या शोधांवरून एका वृद्ध महिलेचा माग काढला. कंपनीने माहिती मागे घेतली; पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. नाव पुसले म्हणजे माणूस पुसला जातो असे नाही.

तथापि, दोष साधनाचा नाही. डकडकगो या शोधयंत्राने पुनर्निर्देशन उलट्या हेतूने वापरले : आपण काय शोधले, हे पुढच्या संकेतस्थळाला कळू नये म्हणून. तेव्हा प्रश्न हा की, वही कोणाच्या हातात आहे आणि ती किती दिवस जपली जाते?

या वाटेचा फायदा ठगही घेतात. दुव्याची सुरुवात ओळखीच्या नावाने होते, आणि शेवटी आपण भलत्याच दारात उभे राहतो. म्हणून विद्यार्थ्यांना आमच्या चार सूचना आहेत :

१) अर्ज भरण्यापूर्वी उघडलेल्या पानाचा पत्ता वाचा. महाडीबीटीसारख्या शासकीय संकेतस्थळाचे नाव 'जीओव्ही डॉट इन'ने संपते.

२) 'प्रायोजित' असे लिहिलेला दुवा ही जाहिरात असते, ती वर आहे म्हणून खरी मानू नका.

३) मित्राला दुवा पाठवताना निकालातला लांबलचक दुवा नको; पान उघडून तेथील पत्ता पाठवा.

४) सायबर कॅफेत काम संपताच खात्यातून बाहेर पडा. गूगल खात्यातील 'वेब व ॲप ॲक्टिव्हिटी' आपल्याला थांबवता येते आणि जुनी नोंद पुसता येते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की, खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात तो अंतर्भूत आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु ज्याला आपली नोंद होते हेच ठाऊक नाही, तो हक्क मागणार कसा? घरी गेल्यावर ही माहिती आई-वडिलांना आणि धाकट्या भावंडांना सांगा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.