सरळ रेघ, वाकडा रस्ता

लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी आखलेला नकाशा 1933 मध्ये प्रवाशांच्या हाती आला. खरी अंतरं, वळणं बाजूला सारून त्यांनी ठेवल्या त्या रंगीत सरळ रेघा आणि स्थानकं. सायकलस्वारांनाही असाच नकाशा द्यावा, ही सूचना चांगली. पण भुयारात गाडी रुळावरूनच जाते, सायकलवाल्याला मात्र चौकाचौकात वाट ठरवावी लागते. शिवाय सोपा नकाशा चकवतोही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या शेजारच्या स्थानकांमधलं अंतर जेमतेम 260 मीटर, पण नकाशावरून त्याचा अंदाजच येत नाही. मग फोनवर हुबेहूब नकाशा असताना ही रेघोटी कशाला, असं कुणी विचारेल. फोन पुढचं वळण सांगतो, पण शहरभरच्या मार्गांचं जाळं मनात ठसवत नाही. आणि धावत्या सायकलवर पडद्यात डोकावणं धोक्याचंच.

चांगल्या सोपेपणाचा एक नमुना बेल्जियममध्ये आहे. तिथल्या लिम्बुर्ख प्रांताने 1995 मध्ये सायकलमार्गांच्या जोडबिंदूंना क्रमांक दिले. आपण चार-पाच आकडे लक्षात ठेवायचे, पुढचं काम पाट्या करतात. नकाशातली खूण रस्त्यावरही दिसते, म्हणून तिथे सोपेपणा उपयोगी पडतो. लंडनने मात्र 2010 पासून काही सायकलमार्ग निळे रंगवले. नकाशावर ते ठळक दिसत, पण बऱ्याच ठिकाणी तो नुसता रंगच होता, शेजारून बस आणि ट्रक धावत. वाहनांपासून वेगळा केलेला थेम्सकाठचा मार्ग 2016 मध्ये खुला झाला, तेव्हा कुठे त्या रेघेवर भरवसा ठेवण्याजोगं काही रस्त्यावर आलं.