शरीरातील संदेशवहन आणि पाठीचा कणा



चुलीवरील तापलेल्या भांड्यास बोट लागताच हात झटकन मागे येतो. भाजल्याची जाणीव त्यानंतर होते. हात मागे घेण्याची ही आज्ञा मेंदूची नसून मज्जारज्जूची असते. अशा क्रियेस प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

मज्जारज्जू हा कण्याच्या पोकळीत सुरक्षित असलेला, सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा मऊ दोर होय. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात: मानेत ८, पाठीत १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. प्रत्येक मज्जातंतूस दोन मुळे असतात. मागील मुळातून स्पर्श, वेदना व उष्णता यांचे संदेश आत येतात; पुढील मुळातून स्नायूंना आज्ञा जातात. जाड, मेदवेष्टित तंतूंतून संदेश सेकंदास १०० मीटरपर्यंत धावतो, तर बारीक, वेष्टनहीन तंतूंतून केवळ एखादा मीटर. वेदनेचे संदेशही काही जलद, तर काही मंद तंतूंतून जातात. म्हणूनच ठेच लागताच प्रथम तीव्र कळ येते आणि ठणका मागाहून जाणवतो.

हृदयाचे ठोके, पचन, घाम व रक्तदाब यांचे नियमन मात्र इच्छेवाचून चालते. हे कार्य स्वायत्त मज्जासंस्थेचे. तिची अनुकंपी शाखा संकटकाळी हृदयाची गती वाढविते; परानुकंपी शाखा ती मंद करते व पचनास चालना देते. या तंतूंच्या टोकांशी रासायनिक द्रव्य स्रवते व तेच संदेश पोहोचविते, हे ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. १९३६ साली त्यांना व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ज्ञान गावकऱ्यांच्या नित्य उपयोगाचे आहे. माडावरून पाडेली पडला, की लोक कळवळ्याने त्यास उठवून बसवितात किंवा हातपाय धरून उचलतात. मोडलेला मणका अशा वेळी सरकला, तर पडताना वाचलेला मज्जारज्जूही चेपला जातो. तुटलेले तंतू पुन्हा पूर्ववत जुळत नाहीत. मग इजेखालील भागाची हालचाल व संवेदना नष्ट होते, मलमूत्रावरील ताबा सुटतो. इजा मानेजवळ असल्यास श्वास व रक्तदाबही धोक्यात येतो. पुढे पाय आपोआप आखडू लागले, तर तेवढ्यावरून शक्ती परतली असे समजू नये. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते.

म्हणून जखमीस आहे तेथेच निश्चल ठेवावे, डोके व मान धडाच्या रेषेत दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पाणी पाजू नये. श्वास चालू आहे ना, हे पाहत राहावे. तेथे थांबणेच धोक्याचे असेल, तर चारपाच जणांनी एकाच वेळी, शरीर न वाकविता, सपाट फळीवर घ्यावे. शिक्षकांनी हा धडा मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. कारण रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीचा कणा जवळच्या माणसांच्याच हाती असतो.