गाळणे, जिवाणी आणि धुलाईयंत्राचे पाणी



पाणी गाळून वापरणे ही जैन गृहस्थाची फार जुनी ओळख आहे. तांब्याच्या घागरीवर दुहेरी वस्त्र धरून पाणी ओतले जाई आणि वस्त्रावर जे राही ती जिवाणी, ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत अलगद उतरवून सोडली जाई. पाणी आले कोठून आणि जाणार कोठे, हे दोन्ही प्रश्न या एका क्रियेत सामावलेले होते. घरोघरी नळ आल्यावर गाळणे टिकले, परंतु जिवाणीचा विधी बहुतेक घरांतून लोपला. विहीरच उरली नाही तर जिवाणी सोडायची कोठे? त्याबरोबरच पाण्याच्या येण्याजाण्याची जाणीवही हळूहळू पुसट झाली.

कासारवाडीच्या रहिवाशाला मात्र ही दोन्ही टोके अजूनही पाहता येतात. पिंपरी-चिंचवडचे पाणी मुख्यत्वे पवना धरणातून नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून ते पंपाने उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधील शुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि मग शहरभर पोहोचते. दुसरे टोक तर दारातच आहे. परिसरातील सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे महानगरपालिकेचे केंद्र कासारवाडीतच असून प्रक्रियेनंतरचे पाणी पुन्हा पवनेच्याच वाट्याला येते. पुढे दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. म्हणजे मावळातून निघालेला एक लिटर कासारवाडीच्या न्हाणीघरातून जाऊन पुन्हा त्याच नदीत उतरतो. मधल्या प्रवासात तो उचलण्यासाठी वीज लागते आणि स्वच्छ करण्यासाठी पुन्हा वीजच लागते.

१९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखान्यांमागून माणसे आली, चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, इमारतींवर टाक्या चढल्या. २०१९ चा पावसाळा भरपूर झाला होता आणि धरणही भरलेले होते. तरीही त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ झाला आणि ती व्यवस्था पुढे अनेक वर्षे चालूच राहिली. टंचाई केवळ पावसाअभावी येते, ही समजूत तेव्हा खोटी ठरली. वाढत्या लोकवस्तीची गरज आणि पाणी उचलून पोहोचविण्याची क्षमता यांतील अंतर हेही टंचाईचेच एक रूप आहे. हे अंतर भरून काढण्यासाठी आंद्रा आणि भामा-आसखेड या धरणांकडे वळावे लागले. पवनेचे पाणी बंद नळवाहिनीने थेट शहरात आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजनेच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणाचे काहीही मत असो, शहरातील नळाला येणारे पाणी कोणाच्या तरी शेताशेजारून येते, एवढे या घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

आता घरातल्या हिशेबाकडे वळू. भारतीय मानकांनुसार शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यांपैकी ४५ लिटर केवळ शौचालयात फ्लशसाठी जाते. चार माणसांच्या घरात हा आकडा दिवसाला १८० लिटर होतो. पिण्यायोग्य केलेले, निगडीहून आलेले, टाकीवर चढविलेले एकशे ऐंशी लिटर पाणी! दुसरीकडे, वरून कपडे टाकण्याचे स्वयंचलित यंत्र एका धुण्याला साधारणपणे शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी घेते. समोरून दार असलेल्या यंत्राला बहुधा त्याच्या निम्म्याने भागते. हे सर्व पाणी यंत्राच्या मागच्या नळीतून गटारात जाते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पोहोचलेल्या पहिल्या पाणीगाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. शंभर लिटरचा हिशेब धरल्यास पाच हजार घरांच्या एकेका धुण्याचे पाणी तेवढेच भरते.

हे पाणी सरसकट सारखे नसते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यंत्र एका धुण्यात दोन-तीन वेळा रिकामे होते. पहिल्या वेळी बाहेर पडते ते साबणाचे, मळाचे आणि कपड्यांच्या तंतूंचे गढूळ पाणी. त्यानंतरचे खळबळण्याचे पाणी बरेच निवळ असते आणि शेवटचे तर पुष्कळदा जवळपास स्वच्छच दिसते. पूर्वी दगडावर धुणे धुणाऱ्या बायकांना हे शिकवावे लागत नसे. पांढरे कपडे आधी, मग रंगीत, त्याच पाण्यात शेवटी पायपुसणी आणि उरलेल्या पाण्याने न्हाणीघराची फरशी. एका बादलीचे चार उपयोग होत आणि कोणी त्याला पुनर्वापर हे भारदस्त नाव दिले नव्हते. यंत्राने श्रम वाचविले हे खरे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे काहीच कारण नाही, परंतु तो क्रम मात्र यंत्राच्या पोटात गडप झाला.

तो क्रम परत आणणे कठीण नाही. पहिले गढूळ पाणी शौचालयासाठी किंवा गटारे धुण्यासाठी ठेवावे. शेवटचे खळबळलेले पाणी वेगळ्या पिंपात घेऊन त्याने फरशी पुसावी, जिना आणि वाहन धुवावे, अथवा पुढच्या खेपेचे मळके कपडे त्यात भिजवावेत. नळीच्या तोंडाशी जुन्या धोतराची किंवा सुती साडीची दुहेरी पट्टी बांधली की तंतू अडकतात आणि पिंपाच्या तळाशी गाळ बसत नाही. पाण्याचे गाळणे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, तेथे हे दुसरे गाळणे परके वाटू नये. मात्र त्याचे फडके वेगळे असावे, हे सांगणे नकोच.

काही गोष्टी अनुभवानेच कळतात आणि त्या आधी कळलेल्या बऱ्या. यंत्र चाळीस-पन्नास लिटर पाणी एक-दोन मिनिटांत बाहेर टाकते. वीस लिटरची बादली लावून कोणी देवपूजेला बसले, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटीला येतात. दुसरे असे, की स्वयंचलित यंत्राची नळी थेट जमिनीवरील भांड्यात सोडू नये. नळीचे टोक यंत्रातील पाण्याच्या पातळीखाली गेले की यंत्र भरता भरताच पाणी आपोआप ओढले जाऊन वाहू लागते, यंत्र पुन्हा पुन्हा पाणी घेत राहते आणि बचतीऐवजी नासाडी होते. पिंप उंच असावे आणि नळीचा बाक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या उंचीवर टांगावा. अर्धस्वयंचलित यंत्रातून पाणी उताराने येते, तेथे यंत्रच थोडे उंच ओट्यावर ठेवल्यास काम होते.

कुंड्यांचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर उत्साही मंडळींना रुचत नाही. बहुतेक धुण्याच्या चुऱ्यांत सोडा असतो. त्यातील सोडियममुळे माती घट्ट होत जाते, तिच्यातून पाणी झिरपेनासे होते आणि मुळे गुदमरतात. शेवटचे पाणी क्वचित, साध्या पाण्याशी आलटून पालटून, शोभेच्या झाडांना घातले तर फारसे बिघडत नाही. तुळस, कढीपत्ता, भाजीपाला यांना ते घालू नये. ब्लीच किंवा जंतुनाशक टाकलेले, लहान मुलांच्या दुपट्यांचे वा आजारी माणसाच्या कपड्यांचे पाणी तर थेट गटारातच जावे. मातीही जीवांनी भरलेली आहे. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची, उत्सर्ग समिती, टाकून द्यायची वस्तू निर्जंतुक जागा पाहूनच टाकण्यास सांगते. साबणाचे पाणी कुंडीत ओतण्यापूर्वी गृहस्थानेही क्षणभर तीच दृष्टी ठेवावी.

साठवण्याबाबतही असाच विवेक हवा. धुण्याचे पाणी एका दिवसात संपवावे. त्यात मळ असल्याने दुसऱ्या दिवशी वास येऊ लागतो. उघड्या पिंपात डासांच्या अळ्या होण्यास आठवडाही पुरेसा असतो. डेंग्यूचा डास तर घरातल्या साचलेल्या पाण्यातच वाढतो. अप्कायिक जीवांची हिंसा टाळण्यासाठी पाणी राखायचे आणि त्याच पाण्यात त्रसजीव उत्पन्न होऊ द्यायचे, मग औषध फवारून ते मारायचे, हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नाही. झाकण असलेले लहान पिंप बरे. मोठी टाकी घेऊन आठवड्याचे पाणी साठविण्याचा मोह नको.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो बहुतेक वेळा घरातील पुरुष मांडत नाहीत, कारण त्यांना तो जाणवतच नाही. या बादल्या उचलणार कोण? पाणी वाचविण्याचा निर्णय बैठकीच्या खोलीत होतो आणि पंधरा किलोची बादली सुनेच्या किंवा कामवाल्या बाईच्या हाती येते. ओल्या फरशीवर घरातील वृद्ध घसरले तर बचत महागात पडते. म्हणून पिंप शौचालयाच्या अगदी जवळ ठेवावे, त्याला खाली तोटी बसवावी आणि बादलीऐवजी पाच लिटरचा डबा वापरावा. ज्यांना एवढीही सोय नाही, त्यांनी यंत्र पूर्ण भरल्याशिवाय न लावणे आणि साबण मापात घालणे एवढे पाळले तरी पुष्कळ आहे. जास्त साबण म्हणजे जास्त फेस आणि फेस निघेपर्यंत जास्त पाणी. उन्हाळ्यात पवनेवर पसरणाऱ्या जलपर्णीला सांडपाण्यातील पोषक द्रव्येच पुष्ट करतात, हेही त्याच चमच्याशी जोडलेले आहे.

इमारतींच्या पातळीवर हे काम अधिक सुलभ होऊ शकते. मोठ्या संकुलांना राज्याच्या बांधकाम नियमावलीने अशा पाण्याच्या पुनर्वापराची व्यवस्था बंधनकारक केली आहे, परंतु जुन्या तीन-चार मजली इमारतींना ती लागू नाही. तेथे सर्व मोऱ्यांचे पाणी एकाच नळात मिसळते आणि वेगळी वाहिनी टाकायची तर भिंती फोडाव्या लागतात. इमारतीच्या नळांची दुरुस्ती जेव्हा केव्हा निघेल, तेव्हा धुलाईयंत्रासाठी एक स्वतंत्र उभी नळी तळमजल्यावरील टाकीपर्यंत आणण्याचा खर्च अंदाजपत्रकात मांडून पाहावा. तोवर येत्या दिवसाआडच्या पाण्याच्या दिवशी, यंत्र लावण्यापूर्वी, नळीखाली एकच रिकामे पिंप ठेवावे आणि ते किती वेळा भरते ते मोजावे.